घराशी साडेबारा टक्के, हायवेवर नऊ: ट्रेलर शेपूट का हलवतो?

प्रश्न थोडक्यात असा. हाफ-टन (हलक्या वर्गातली) पिकअप आहे. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे पेलोड, म्हणजे माणसं, सामान आणि हिचवरचा भार मिळून गाडीवर लादता येणारं वजन, १,५५० पौंड, कागदावरची टोइंग (ओढण्याची) क्षमता ९,००० पौंड. मागे दोन अॅक्सलचा ट्रॅव्हल ट्रेलर, त्याचं परवानगी असलेलं कमाल वजन ७,६०० पौंड. अमेरिकेतलं घर विकून दोघं आता यातच बारा महिने राहणार आहेत. सामान भरून, पाण्याची टाकी रिकामी असताना मोजलं तेव्हा ट्रेलर ७,१०० पौंड आणि हिचवर (गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर) पडणारा भार, म्हणजे टंग वेट, ८९० पौंड भरला. साडेबारा टक्के. तरीही पहिल्याच लांबच्या पल्ल्यात ताशी ६५ मैलांना शेजारून ट्रक गेला की ट्रेलर तीन-चार हेलकावे घेतो. डीलर म्हणतो, महागाचा अँटी-स्वे (डुलणं अडवणारा) हिच बसवा. बसवावा का?

आत्ता नको. निघताना ४५ गॅलनची टाकी काठोकाठ भरली होती आणि मागच्या बंपरवर दोन ई-बाइक टांगल्या होत्या, हेही तुम्ही लिहिलं आहे. उत्तर त्या एका ओळीतच आहे. घराशी जो ट्रेलर मोजला तो वेगळा आणि रस्त्यावर जो नेला तो वेगळा.

ट्रेलरची चाकं म्हणजे सी-सॉचा मधला टेकू. चाकांच्या पुढे ठेवलेलं सामान हिच खाली दाबतं, मागे ठेवलेलं हिच वर उचलतं. किती उचलतं ते वजन आणि अंतर दोन्हींवर ठरतं. तुमच्या ट्रेलरमध्ये हिचच्या बॉलपासून दोन अॅक्सलच्या मध्यापर्यंत साधारण १८ फूट धरू. टाकी पलंगाखाली, म्हणजे अॅक्सलच्या सुमारे ५ फूट मागे. ४५ गॅलन पाणी म्हणजे ३७५ पौंड. ३७५ गुणिले ५ भागिले १८, म्हणजे हिचवरून १०४ पौंड गेले. दोन ई-बाइक प्रत्येकी ५० आणि रॅक ४०, असे १४० पौंड अॅक्सलच्या १२ फूट मागे लटकत होते. त्यांनी आणखी ९३ पौंड उचलले. वजनाने पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असलेल्या सायकलींनी जवळजवळ पाण्याइतकंच नुकसान केलं, कारण त्या टोकाला होत्या.

आता हिशेब जुळवा. टंग वेट ८९० वरून ६९३. ट्रेलर ७,१०० वरून ७,६१५, म्हणजे कमाल मर्यादेच्या १५ पौंड वर. टक्केवारी ९.१. बॉलवर ओढल्या जाणाऱ्या अमेरिकी ट्रॅव्हल ट्रेलरला १० ते १५ टक्के लागतात. साडेबाराच्या आसपास ठेवावं, म्हणजे टाकीतलं पाणी कमी-जास्त झालं तरी १० च्या खाली जात नाही. फिफ्थ व्हीलला (पिकअपच्या हौद्यात जोडायच्या ट्रेलरला) १५ ते २५ टक्के लागतात. युरोपातले कॅरव्हान ४ ते ७ टक्क्यांवर चालतात, पण त्यांची बांधणी हलकी आणि ओढण्याचा वेग कमी असतो. तिकडचा आकडा इकडे लावून वाद घालणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

यातली फसवी गोष्ट अशी की टंग वेट कमी झालं की पिकअप जास्त चांगली दिसते. मागचा भाग दबत नाही, पुढची चाकं हलकी होत नाहीत, पेलोडमध्येही जागा उरते. म्हणून पेलोड संपत आला की माणूस सामान ट्रेलरच्या मागच्या कपाटात ढकलतो. पेलोड वाचवायला जे केलं तेच डुलणं वाढवतं. पूर्ण वेळ राहणाऱ्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे.

पेलोड संपतोच, हे गृहीत धरा. तुमचाच हिशेब बघा: टंग वेट ८९०, वेट-डिस्ट्रिब्यूशन हिच (जोडावरचा भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटणारा) १००, दोन माणसं ३३०, पिकअपच्या हौद्यात अवजारं, जनरेटर वगैरे २६०. बेरीज १,५८०, म्हणजे १,५५० च्या वर. आणि हे ट्रेलर ९,००० च्या टोइंग क्षमतेपेक्षा १,९०० पौंडांनी हलका असताना! टोइंग क्षमता ज्या एसएई जे२८०७ या मानकाने ठरते त्यात गाडीत १५० पौंडांची दोनच माणसं धरतात आणि हौदा जवळजवळ रिकामा असतो. हाफ-टन गाडीत टोइंग क्षमतेच्या कितीतरी आधी पेलोड संपतो. विकत घेण्यापूर्वी बघायचा आकडा दारावरच्या पिवळ्या-पांढऱ्या स्टिकरवरचाच. त्यात भरलेली इंधनाची टाकी आधीच धरलेली असते, माणसं धरलेली नसतात. ब्रोशरमधलं ट्रेलरचं 'ड्राय वेट' तर विसराच. त्यात बहुधा बॅटरी नसते, गॅस नसतो, आणि तुमचा संसार तर नसतोच.

मग वाटणी कशी बदलायची? सायकली बंपरवरून काढून हौद्यात घ्या आणि रॅक सोडून द्या. बहुतेक ट्रेलरांचा मागचा बंपर पातळ पत्र्याची चौकोनी नळी असते, तिच्यावर सायकली टांगू नयेत असं अनेक उत्पादक स्वतःच लिहितात. हेलकाव्यात तिचा वेल्ड सुटतो. प्रवासात पाणी १० गॅलन पुरे, बाकीचं मुक्कामी भरा. हौद्यातली १५० पौंडांची जड अवजारं ट्रेलरमध्ये, पण थेट अॅक्सलच्या वर, जमिनीलगत ठेवा. तिथे ठेवलेल्या वजनाने टंग वेट जवळजवळ हलत नाही. आता ट्रेलर ७,३३३, टंग वेट ८६७, म्हणजे ११.८ टक्के. पेलोड: ८६७, १००, ३३० आणि हौद्यात २१०, एकूण १,५०७. बसलं, पण जेमतेम. याहून जास्त मोकळीक वाटणी बदलून मिळत नाही. सामान कमी करावं लागतं किंवा थ्री-क्वार्टर-टन (त्यावरच्या वर्गातली) गाडी घ्यावी लागते.

एक मोह मात्र टाळा. मागे सायकली तशाच ठेवून पुढे हिचच्या त्रिकोणावर २०० पौंडांची पेटी बसवली तर टक्केवारी कागदावर सुधारते, पण ट्रेलर डंबेलसारखा होतो, दोन्ही टोकांना वजन. असा ट्रेलर डुलायला उशिरा लागतो आणि एकदा लागला की लवकर थांबत नाही. टक्केवारी बरोबर आणि जड वस्तू मधोमध, दोन्ही हवं.

बॅटरी बदलतानाही हेच लक्षात ठेवा. त्रिकोणावरच्या दोन लेड-अॅसिड बॅटऱ्या मिळून सुमारे १२० पौंड भरतात, आणि त्यांची निम्मीच क्षमता वापरायची असते. तेवढंच काम १०० अँपिअर-अवरची एक लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २५ पौंडांत करते. बदल चांगलाच आहे, पण पुढचे ९५ पौंड गेल्यावर तुमचं टंग वेट ७८० च्या आसपास येतं, म्हणजे १०.८ टक्के. तेव्हा पुन्हा मोजायचं आणि अॅक्सलच्या मागचं काहीतरी पुढे आणायचं. शिवाय ही बॅटरी गोठणबिंदूखाली चार्ज करायची नसते, म्हणून हिवाळ्यात ती आत, उबेत असलेली बरी.

मोजायचं कसं? माणसाचं वजन करायचा घरातला काटा आणि फळी लावून टंग वेट काढता येतं, पण पूर्ण वेळ राहणाऱ्याने ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक मोजायच्या काट्यावर जावं. तिथे तीन स्वतंत्र फलाट असतात: गाडीची पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची सगळी तिसऱ्यावर. चोवीस तासांच्या आत त्याच काट्यावर पुन्हा मोजायला थोडकेच पैसे पडतात, म्हणून तीन फेऱ्या करा. पहिली, सगळं जोडून आणि हिचचे स्प्रिंग बार (भार वाटणारे दांडे) ताणलेले. दुसरी, बार सोडून, आवारातल्या आवारात सावकाश. तिसरी, ट्रेलर बाजूला उभा करून नुसती गाडी. माणसं आणि हौद्यातलं सामान तिन्ही वेळा तेच. प्रवासाला निघता तसंच भरून जायचं, पाण्यासकट.

वरची वाटणी केल्यावर आकडे साधारण असे दिसतील. नुसती गाडी: पुढे ३,२४०, मागे २,७००, एकूण ५,९४०. बार सोडून: पुढे २,९४०, मागे ३,८६०, एकूण ६,८००, ट्रेलरची चाकं ६,४६०. बार लावून: पुढे ३,१००, मागे ३,६२०, ट्रेलर ६,५४०. टंग वेट म्हणजे ६,८०० वजा ५,९४०, म्हणजे ८६०. ट्रेलरचं खरं वजन ६,४६० अधिक ८६०, म्हणजे ७,३२०. पुढच्या अॅक्सलवरून ३०० पौंड उचलले गेले होते, बारांनी त्यातले १६० परत आणले आणि ८० ट्रेलरच्या चाकांवर ढकलले. गाडीच्या मागच्या अॅक्सलची मर्यादा ३,८०० असेल तर बारांशिवाय ती ओलांडलेली आहे, बारांसह नाही. वेट-डिस्ट्रिब्यूशन हिचचं काम हेच आणि एवढंच: भार वाटणं. चुकीच्या भरलेल्या ट्रेलरला तो सुधारत नाही. घर्षणाने डुलणं अडवणारे हिच तर चूक झाकतात; तुमच्या ९.१ टक्क्यांवर तसा हिच बसवला असता तर ६५ ला शांत वाटलं असतं आणि उतारावर ७२ ला, वारा आडवा असताना, एकदम सगळं सुटलं असतं.

हिच लावायचा असतो तो मोजपट्टी घेऊन. सपाट जागी पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची घ्या. समजा नुसत्या गाडीला ३७ इंच. ट्रेलर जोडून, बार न लावता साडेअडतीस. बार लावल्यावर पावणेअडतीसच्या जवळपास यावं, म्हणजे वाढलेल्या उंचीतली निम्मी परत मिळाली. बरेच गाडी-उत्पादक निम्मीच सांगतात, पूर्ण नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे ते बघा. अति ताण दिला तर मागची चाकं हलकी होऊन ओल्या रस्त्यावर घसरतात. कमी पडलं तर हिचच्या डोक्याचा कल मागे वाढवा, बहुतेक ठिकाणी त्यासाठी वॉशर वाढवतात. नुसती साखळीची कडी आवळून भागवू नका. बारांची क्षमता टंग वेटला साजेशी हवी. तुम्हाला १,००० पौंडांचे. ट्रेलर सपाट किंवा नाकाशी किंचित खाली. नाक वर असेल तर वजन मागे सरकतं आणि मागच्या अॅक्सलचे टायर जास्त भार घेतात.

टायरबद्दल जरा थांबून. तुमच्या प्रकारच्या ट्रेलरला बहुधा एसटी (खास ट्रेलरसाठीचे) २०५/७५ आर १४, लोड रेंज (भार पेलण्याचा वर्ग) सी टायर येतात. एकाची क्षमता हवेच्या ५० पीएसआय दाबाला १,७६० पौंड, चार मिळून ७,०४०. त्या दिवशी चाकांवर ६,९२२ पौंड होते, म्हणजे ९८ टक्के, आणि तेही चारही टायरवर भार सारखा आहे असं धरून. तो तसा कधीच नसतो. स्वयंपाकघर आणि स्लाइड (मुक्कामी बाहेर सरकवायचा खोलीचा भाग) एका बाजूला असतात. म्हणजे एखादा टायर नक्कीच मर्यादेबाहेर होता. लोड रेंज डी घेतले तर ६५ पीएसआयला २,०४० मिळतात, पण रिमवर तेवढा दाब चालतो का ते रिमच्या मागे कोरलेलं वाचून घ्या. हवा थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी, बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरायची. दिवसा तापून दाब वाढला की हवा सोडायची नाही. कमी हवेचा टायर बाजूने वळवळतो, त्यानेही डुलणं वाढतं, मग तापून त्याचे थर सुटतात, आणि सुटलेला पट्टा चाकामागची पत्रं व पाण्याचे पाइप फोडून जातो. टीपीएमएस (टायरमधला दाब गाडीत दाखवणारी यंत्रणा) लावा, हा खर्च टाळू नका. अनेक एसटी टायरांची वेगमर्यादा ६५ मैल आहे. टायरच्या बाजूवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३५२१ म्हणजे २०२१ चा ३५ वा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदला. आणि पिकअपच्या मागच्या टायरमध्ये ओढताना किती हवा ते मॅन्युअलमध्ये वेगळं दिलेलं असतं, तेही बघा.

वेग. डुलणं शमवण्याची ट्रेलरची अंगची ताकद वेग वाढेल तशी घटते. एका वेगापुढे हेलकावे आपोआप शमत नाहीत, उलट वाढत जातात. तुमच्या बाबतीत ते तीन-चारात थांबले, म्हणजे तुम्ही त्या वेगाच्या खाली होतात, पण फार खाली नव्हे. भरणी सुधारली तरी ६० ते ६२ च्या पुढे जाऊ नका. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ५५ चीच मर्यादा आहे, आणि उजवीकडची लेन. वायोमिंगमध्ये आय-८० महामार्गावर लॅरमी आणि रॉलिन्सच्या मध्ये वारा असा असतो की हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. तसा फलक दिसला तर वाद न घालता थांबा. पूर्ण वेळ राहणाऱ्याला पोचायची घाई कसली?

तरीही डुलायला लागलाच तर: अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टीअरिंग सरळ धरा, हेलकाव्याच्या उलट फिरवू नका. माणसाची प्रतिक्रिया नेहमी थोडी उशिरा येते आणि पुढच्या हेलकाव्याला बळ देते. गाडीचा ब्रेक दाबू नका. ब्रेक कंट्रोलरची (गाडीतून ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राची) हाताने चालवायची कळ दाबून नुसते ट्रेलरचे ब्रेक लावा. त्याने ट्रेलर मागे खेचला जाऊन ताणात सरळ होतो. ती कळ कुठे आहे ते न बघता हाताला सापडायला हवं, त्यासाठी रिकाम्या मैदानात चार वेळा सराव करा. वेग वाढवून सरळ करा असा सल्ला अजून फिरत असतो. उतारावर तो जिवावर बेततो. गाडीतली इलेक्ट्रॉनिक स्वे कंट्रोल यंत्रणा कधीही बंद करू नका, पण तिचा दिवा लुकलुकला तर 'काम करते आहे' असं समाधान न मानता पुढच्या एक्झिटला उतरून भरणी आणि हवा तपासा.

हे सगळं ब्रेक चालत असतील तर. ट्रेलरच्या चार इलेक्ट्रिक ब्रेकांचे चार चुंबक, प्रत्येकाला सुमारे ३ अँपिअर, पूर्ण दाबल्यावर निळ्या तारेतून १२ अँपिअर जायला हवेत. क्लॅम्प मीटरवर ९ दिसले तर एक चुंबक मेला किंवा त्याची तार अॅक्सलच्या नळीत घासून तुटली. बिघाड फार वेळा याच जागी निघतो. कंट्रोलर ठरावीक वेळेच्या हिशेबाने जोर वाढवणारा असेल तर तो बदलून गाडीच्या मंदावण्याच्या प्रमाणात ब्रेक लावणारा घ्या. गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, ठरवताना ताशी २० ते २५ मैलांना, कोरड्या सपाट रस्त्यावर, हाताची कळ पूर्ण दाबा. चाकं लॉक होण्याच्या किंचित आधी थांबतील इतका गेन ठेवा. ट्रेलर हलका-जड झाला की तो पुन्हा ठरवावा लागतो. ब्रेक स्वतः जुळवून घेणारे नसतील तर मागच्या फटीतून ब्रेकचं दातेरी चाक (स्टार व्हील) फिरवून चाक जड होईपर्यंत आवळा, मग दहा खाचा मागे घ्या. हे पहिल्या २०० मैलांनी आणि नंतर दर ३,००० मैलांनी.

बेअरिंग दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरायचं. टोपीवरच्या निपलमधून गनने ग्रीस मारून भागतं असं वाटतं, पण जोरात मारलं की सील फुटून ग्रीस ब्रेकच्या लायनिंगवर जातं आणि ते लायनिंग मग टाकूनच द्यावं लागतं. चाक काढून बसवलं की नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क रेंचने तपासा. अर्ध्या इंचाच्या स्टडला साधारण ९० ते १२० फूट-पौंड, नेमका आकडा अॅक्सलच्या पुस्तिकेत असतो. ब्रेकअवे तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) गाडीच्या चेसिसला वेगळी अडकवा, साखळीला नाही, आणि साखळ्या हिचखाली एकमेकींना ओलांडून.

राहणं सुरू झाल्यावर वजन गुपचूप वाढतं. डबे, पुस्तकं, हिवाळ्याचे कपडे, 'असू दे' म्हणून ठेवलेले लाकडाचे तुकडे. टाक्यांचं तर रोजच बदलतं: ४० गॅलन सांडपाणी म्हणजे ३३० पौंड, आणि ती टाकी अॅक्सलच्या मागे असेल तर पुन्हा तोच खेळ. मुक्काम हलवताना दोन्ही घाण टाक्या रिकाम्या करून निघा, संडासाच्या टाकीत मात्र तीन-चार गॅलन पाणी टाकून ठेवा. मुक्कामात तिचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाणी वाहून जातं आणि मैला आत थिजून ढीग होतो. टाकी दोन-तृतीयांश भरली की मगच सोडा. काट्यावर दर तीन महिन्यांनी जा, आणि ज्या दिवशी बॅटरी, सायकल, जनरेटर यांपैकी काही बदललं त्या आठवड्यातही.

आणि घर विकण्यापूर्वी दोन कागद वाचा. बऱ्याच ट्रॅव्हल ट्रेलरांच्या वॉरंटीत कायम निवासासाठी वापरल्यास ती लागू नाही असं कलम असतं. सुट्टीपुरत्या वापराच्या विमा पॉलिसीत आतलं सामान आणि ट्रेलरमध्ये कोणी पाहुणा पडला तर येणारी जबाबदारी सहसा पुरेशी धरलेली नसते. त्यासाठी 'फुल-टाइमर' पॉलिसी वेगळी मागावी लागते, आणि ती देताना कंपनी कायमचा पत्ता कोणत्या राज्यातला हे विचारते.